पिशवी लहान करा, फेऱ्या वाढवा

मे २०१९ मध्ये मी नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमधून रिटायर झालो आणि त्याच आठवड्यात पन्नास किलो कांद्याची गोणी घरी आणली. घरात माणसं दोन. गोणी रिक्षातून उतरवताना कंबरेत लचक भरली, ती आठ दिवस गेली नाही. हिने दारातूनच विचारलं, "अहो, अख्ख्या प्रेसला जेवायला बोलावलंय का?"

कांदा स्वस्त होता, एवढंच माझं उत्तर. गोणी बाल्कनीत ठेवली. पावसाळ्यात तिला ओल लागली, खालचे कांदे पाझरले, वरच्यांना मोड आले. दिवाळीपर्यंत निम्मी गोणी घंटागाडीत गेली, उरलेली वाटण्यात आणि खाण्यात संपली. त्या डिसेंबरात बाजारात कांदा शंभरावर गेला, तेव्हा आमच्या टोपलीत दोन कांदे होते. नाशिकमध्ये राहून ही गत! कोणाला सांगायचीही सोय नाही.

नोकरीत असताना बाजार हे उरकायचं काम होतं. सुट्टीच्या दिवशी एका दमात महिन्याचं सामान आणायचं आणि मोकळं व्हायचं. नोकरी संपली तरी हाताला तेच माप राहिलं होतं. मग एकेक सवय बदलत गेलो. नुकतेच रिटायर झालेले शेजारी विचारतात म्हणून इथे सविस्तर लिहितोय. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छत्तीस वर्षं छपाईच्या शीटा तपासण्यात गेली, त्यामुळे स्वभाव जरा चिकित्सक आहे. तेवढं सांभाळून घ्या.

बाजार

कापडी पिशव्या दोन घ्यायच्या आणि एकीत तीन किलोच्या वर भरायचं नाही. दोन्ही हातांना वजन सारखं. सगळं एकाच हाताला लटकवलं की खांदा ओढला जातो, चाल वाकडी होते आणि फुटपाथची कड नेमकी त्याच वेळी येते. यादीतलं काही राहिलं तर उद्या आणायचं. उद्या आपल्याला कुठे पंचिंग आहे?

आमचं वेळापत्रक सांगतो. सोमवारी देवळालीगावचा आठवडे बाजार. बुधवारी जमलं तर बसने गोदाकाठचा बाजार, कारण तिथे जाणं ही आम्हा दोघांची सहल असते. बाकीच्या दिवशी जेलरोडवरच, जे लागेल ते आणि तेवढंच. किराणा पंधरा दिवसांनी. 'व्यायामाला चला' म्हटलं की माझे पाय दुखायला लागतात, पण 'कोथिंबीर संपली' म्हटलं की मी चपला घालतो. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं भरभर चालावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज अर्धा तास धरला तर पाच दिवसांत हिशेब पुरा होतो. भरभर म्हणजे किती? बरोबरच्या माणसाशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. मात्र हा वेग रिकाम्या पिशवीने जाताना धरायचा. येताना सावकाश.

बाजारात शिरलं की पहिली चक्कर हात मागे बांधून मारायची. काहीही घ्यायचं नाही, फक्त भाव ऐकायचे आणि माल बघायचा. दुसऱ्या चकरेत घ्यायचं. वाट्याने भाजी घेताना वरचे चार नग छान रचलेले असतात, म्हणून खालचा एक उचलून बघायचा. मेथीची जुडी बाहेरून टवटवीत दिसली तरी मधे बोट घालून बघायची. आत गरम आणि चिकट लागली तर ती कालची, शिंपडलेली. गिलकं उचललं की हाताला हलकं लागलं पाहिजे असं काही जण म्हणतात, त्यांचं ऐकू नका. हलकं म्हणजे जून आणि आत जाळी धरलेलं. काटा इलेक्ट्रॉनिक असला तरी भाजी ठेवण्याआधी शून्य दिसतंय ना, ते बघून घ्यायचं. आणि घासाघीस करायचीच तर एकदाच. दोन रुपयांसाठी मावशीचं तोंड कडू केलं तर पुढच्या सोमवारी ती आपल्यासाठी कवळी गवार बाजूला काढून ठेवत नाही.

आता कांदा. यात मी पोळलोय, म्हणून जरा थांबतो.

साठवायचा तर उन्हाळ कांदाच. तो मार्च ते मे या दिवसांत निघतो आणि नीट ठेवला तर चार-पाच महिने टिकतो. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा दिसायला देखणा असतो, पण अंगात पाणी फार. तो आठ-पंधरा दिवसांत संपवायचा. उन्हाळ कांदा हातात घ्या आणि आधी मान बघा. मान बारीक, वाळलेली आणि बंद हवी. अंगठ्याने मानेशी दाबा. मऊ लागलं तर सड तिथूनच उतरणार आहे, भाव कितीही असो. मान जाड आणि पोकळ असेल तर तो डेंगळा, त्याला मधून दांडा आलेला असतो. तो ठेवायचा नाही. जोड कांदाही नको. वरची साल दोन-तीन पदरी असावी आणि मूठभर कांदे एकमेकांवर घासले की कागदासारखी खसखस वाजावी. मला तो आवाज ओळखीचा आहे. दमट कागद आणि कोरडा कागद हाताला कळतात आणि कानालाही.

आकार मध्यम घ्यायचा. दोघांना एका वेळी पाच किलो भरपूर. जाळीच्या पिशवीत किंवा बांबूच्या टोपलीत, एकावर एक दोन थरांहून जास्त नाहीत. वारा लागेल आणि पाऊस लागणार नाही अशी जागा शोधायची. बटाट्याची टोपली वेगळी, लांब. दर रविवारी एकदा हात फिरवायचा. एक सडका दिसला की त्याच्या शेजारचेही दोन काढून आधी वापरायचे. झाकून ठेवायचं नाही आणि प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच नाही.

गहू वर्षाचा भरणंही आम्ही बंद केलं. कोठी विकली, तेव्हा ही दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. आता लोकवन दहा किलो आणतो. बाजरी थंडीतच, आणि पीठ आठवड्यापुरतं दळायचं. बाजरीच्या पिठातली चरबी लवकर खवट होते, मग भाकरी कडवट लागते आणि बोलणी गिरणीवाला खातो.

पाकिटावर तारीख

घरात एक साधा मार्कर पेन ठेवा. पाकीट ज्या दिवशी फोडाल त्या दिवशीची तारीख त्याच्यावर घाला. छापलेली मुदत वेगळी. ही आपली तारीख. हे करून बघा, तुमच्या घराबद्दल बरंच काही कळेल.

मिठाचंच घ्या. माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ, असं सांगतात. म्हणजे साधारण सपाट चहाचा चमचा. दोघांचे दहा ग्रॅम. एक किलोची पिशवी शंभर दिवस जायला हवी. आमची पहिली पिशवी पंचावन्न दिवसांत संपली. मी हिला आकडा दाखवला, तर ती म्हणाली, "लोणचं आणि पापड यात धरलेच नाहीत तुम्ही." म्हणजे प्रत्यक्षात त्याहून जास्त! मग ताटात वरून मीठ घेणं बंद झालं, कणकेतलं मीठ बंद झालं, लोणच्याची फोड एकाआड एक दिवस झाली. सध्याची पिशवी ब्याण्णव दिवस चालली. शेवटची पाव किलो कैरीत गेली, ती धरायची की नाही यावर आमचं एकमत नाही.

तेलाचंही तसंच. डॉक्टर माणशी महिन्याला अर्धा लिटर सांगतात, म्हणजे दोघांना एक लिटरची पिशवी महिनाभर. पाहुणे आले, भजी झाली, तर तारखेशेजारी तसं लिहून ठेवायचं. त्यामुळे मोठा डबा, मोठी सूट, पाचावर एक फुकट, या भानगडीत आम्ही पडत नाही. घरात जास्त असलं की हात सैल सुटतो.

बीपी घरी मोजणं

एका दवाखान्यात मी तीन जिने चढून गेलो, बसतो न बसतो तोच दंडाला पट्टा गुंडाळला. आकडा आला १७०. दोन रात्री झोप नाही. मग दंडाला बांधायचं मशीन घेतलं आणि पद्धत शिकून घेतली.

मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नाही, तंबाखू नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं. पाय जमिनीवर सपाट, एकावर एक टाकलेले नकोत. दंड उघडा, हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही. हा भाग मला सगळ्यात जड जातो, कारण ही नेमकी तेव्हाच 'भाजी काय करू' विचारते. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. मग ती वही घेऊन डॉक्टरांकडे. माझा आकडा १३८च्या आसपास होता. डॉक्टरांनी वही वाचली आणि गोळी आहे तीच ठेवली. आपण होऊन गोळी कमी-जास्त करायची नाही, मशीन कितीही चांगलं दाखवो.

बाकी तब्येतीचं थोडक्यात. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा आणि रात्री तिथला लहान दिवा चालू ठेवा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. सुरुवातीला मागे भिंत असू द्या.

नोव्हेंबर आणि फोन

हयातीचा दाखला दर नोव्हेंबरला. ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो, पण आमच्या बँकेत गर्दी असली तरी मी जातो. जुनी माणसं भेटतात, कोण आहे कोण नाही ते कळतं. याच दिवसांत 'तुमची पेन्शन बंद होणार आहे, आलेला नंबर सांगा' असे फोन येतात. मलाही आला होता. पलीकडचा माणूस माझं नाव घेऊन 'बाबा, बाबा' करत होता. ओटीपी कुणालाही द्यायचा नाही आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, एवढं पक्कं धरा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा.

वेळेचं काय करायचं

एसटीचा उपयोग करा. पासष्ट ते पंचाहत्तर वयाला अर्धं तिकीट, पंचाहत्तरच्या पुढे फुकट, आणि बायकांना २०२३ पासून अर्धं. आम्ही दोघं मिळून एका तिकिटात जातो. वयाचा पुरावा वरच्या खिशात ठेवा, कंडक्टरला ताटकळत ठेवू नका. थंडीत एकदा तरी निफाडकडे नांदूर मध्यमेश्वरला जा. रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलेली ही महाराष्ट्रातली पहिली जागा. शेवटच्या टप्प्याला मात्र वाहन ठरवून ठेवा. आणि तिथे पोचायचं ते सकाळीच, ऊन चढल्यावर पक्षीही कंटाळतात. वाचनाची आवड असेल तर सार्वजनिक वाचनालय आहे, १८४० सालचं. पुस्तक बदलायला जाणं ही पण एक फेरीच.

माझा छंद निराळा. नोकरीत टपाल तिकिटांच्या शीटा डोळ्यांपुढून लाखांनी गेल्या, पण गोळा म्हणून एक केलं नाही. चूक शोधायची सवय लागली की चित्र दिसत नाही. रिटायर झाल्यावर मुलाने जुन्या पत्रांचा खोका काढून दिला, आणि लागलो.

सुरुवातीला काही विकत घेऊ नका. घरातली, नातेवाइकांकडची जुनी पाकिटं मागा. तिकिटाभोवतीचा कागद बोटभर सोडून कापा. पसरट भांड्यात कोमट पाणी घ्या, तिकीट चित्राची बाजू वर करून सोडा. पाकीट लाल किंवा जांभळ्या रंगाचं असेल तर ते वेगळ्या भांड्यात, नाहीतर रंग सुटून सगळी तिकिटं होळीला जाऊन आल्यासारखी होतात. पंधरा-वीस मिनिटांत तिकीट आपोआप सरकतं. सरकलं नाही तर थांबा, ओढू नका. मागचा डिंक बोटाने हलकेच पुसा आणि चपट्या चिमट्याने उचला. ओल्या तिकिटाचे दाते फार नाजूक असतात. चित्र खाली करून टीपकागदावर ठेवा. उन्हात नाही, पंख्याखाली नाही.

पहिल्या वर्षी मी सगळं नाशिकचंच छापलेलं समजत होतो. मग कळलं की १९४८ ची गांधीजींची तिकिटं स्वित्झर्लंडमध्ये छापली गेली. हिला सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे तेव्हा तुमच्या प्रेसला जमलं नसेल." मी अजून त्यावर उत्तर शोधतोय.

तिकीट पुरतं वाळायला रात्र लागते, आणि वाळताना कडा वळतात. म्हणून जरा कोरडं झालं की दोन कोऱ्या कागदांत धरून वर सपाट वजन ठेवायचं. माझं सध्याचं वजन म्हणजे मिठाची न फोडलेली पिशवी. ही दोनदा मागून गेली. सकाळपर्यंत द्यायची नाही असं ठरवलंय, मार्कर शेजारीच ठेवलाय.