सॉकेट वेल्ड फिटिंगमध्ये पाइप सरळ कसा बसवावा?

सॉकेट वेल्ड फिटिंग म्हणजे असा जोड, ज्याच्या खोलगट तोंडात (सॉकेटमध्ये) पाइप घालून बाहेरून भोवती वेल्ड करतात. भोसरी-चाकणकडच्या वर्कशॉपमध्ये एक प्रश्न हमखास निघतो: सॉकेटमध्ये पाइप किती वाकडा चालतो? लगेच कोणीतरी एएसएमई बी१६.११ या फिटिंगच्या अमेरिकी मानकातला आकडा सांगतो, १ मीटरला ५ मिमी. हा जेमतेम ०.३ अंश झाला. पण ही सूट फिटिंग बनवणाऱ्याला आहे, फिटिंगचं आतलं भोक आणि सॉकेट यांच्या अक्षांतल्या फरकासाठी. फिटरने ती आपल्या नावावर खपवू नये. त्याची मर्यादा कामाच्या ड्रॉइंगमध्ये बघावी.

१. पाइप काटकोनात कापा. गुण्या लावून खात्री करा, बर (कापताना कडेला राहिलेली धारदार कुसळं) काढा.

२. पाइप सॉकेटच्या तळाला टेकेपर्यंत आत घाला. सॉकेटच्या तोंडापासून २५ मिमीवर, पत्र्याची पट्टी गुंडाळून, पाइपभोवती रेघ मारा. मग पाइप सुमारे १.६ मिमी मागे ओढा. ही फट सोडायचीच: तापलेला पाइप लांबतो, तळाला टेकलेला असला तर ताण वेल्डवर येतो आणि वेल्डच्या मुळाशी चीर पडू शकते.

३. आता खरी तपासणी. सॉकेट पाइपपेक्षा किंचित सैल असते, त्यामुळे पाइप आत डुलतो आणि बाहेरून काही कळत नाही. तोंडापासून रेघेचं अंतर चारही बाजूंनी मोजा. १ इंची पाइपचा बाहेरचा व्यास ३३.४ मिमी. समोरासमोरच्या मापात १ मिमी फरक आला, तर मीटरभर पुढे पाइप ३० मिमी सरकलेला असतो! म्हणजे ५ मिमीचा वाकडेपणा इथे ०.२ मिमीपेक्षाही कमी दिसणार. पट्टीवर तो वाचताच येत नाही. म्हणून फिटिंग घट्ट बांधा आणि पाइपच्या लांबच्या टोकाला मोजा, वरून आणि बाजूनेही. नुसती वरून लेव्हल लावून काम उरकणारे बरेच असतात.

४. पहिला टॅक (पाइप जागेवर धरणारा वेल्डचा छोटा ठिपका) मारला की पाइप त्याच बाजूला ओढला जातो. दुसरा बरोबर समोर मारा, पुन्हा मोजा, मग उरलेले दोन. वेल्डही समोरासमोरच्या भागांत करा.

टॅकनंतर वाकडं निघालं तर टॅक ग्राइंडरने कापून पुन्हा बसवा. पूर्ण वेल्ड झाल्यावर चेन ब्लॉकने (साखळीच्या कप्पीने) ओढून फ्लँजला (पाइपच्या टोकाच्या बोल्टने जोडायच्या चकतीला) जुळवू नका. तो ताण कायमचा जॉइंटमध्ये राहतो. लाइनलाच थोडं वळण हवं असेल, तर पाइप रीतसर वाकवून घ्या.