पहिली सहल गावाजवळच : जूनमधली तयारी

आमच्याकडे, बेळगाव भागात, शाळा जूनच्या तोंडावर उघडते आणि पाठोपाठ पाऊस. सहावी-सातवीची पोरं पहिल्याच आठवड्यात विचारतात, "सर, गोकाकला कधी?" धबधबा खरा बघावा तो पावसातच, हे मलाही पटतं. पण घटप्रभा फुगलेली, झुलत्या पुलावर गर्दी आणि हाताशी चाळीस पोरं, ही जबाबदारी मी घेत नाही. किल्ला, राजवाडा आणि संग्रहालय नीट बघायला दिवसभर लागतो म्हणून कित्तूर दसऱ्यानंतर. तेव्हा 23 ऑक्टोबरही जवळ असतो. 1824 साली त्याच दिवशी राणी चन्नम्माच्या सैन्याने कंपनीच्या फौजेला हरवलं होतं. जून-जुलैत अर्ध्या दिवसाची, जवळची सहल पुरे.

जागा आधी ठरवा. पाऊस लागून राहिला असेल तर बेळगावचा किल्ला बरा. तिथल्या कमल बस्तीत, म्हणजे जुन्या जैन मंदिरात, आडोसा आहे, छतातून खाली झुकलेलं दगडी कमळ बघताना मुलं आपोआप गप्प होतात, आणि ती बांधल्याचं 1204 हे साल पाटीपेक्षा तिथं लवकर पाठ होतं. उघडीप असेल तर येळ्ळूरचा राजहंसगड. मात्र वर वारा असा की छत्री उलटी होते, म्हणून छत्र्या घरी आणि रेनकोट अंगावर. खानापूरकडच्या शाळांना तर सहलीला गाडीही नको. रोप लावणी चालू असलेल्या शेताच्या मालकाला आदल्या दिवशी विचारा आणि पोरांना चिखलात उतरवा. निम्म्या मुलांना हे काम घरचंच असतं. त्या दिवशी तीच मास्तर.

जागा ठरली की मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला, तेही कन्नडमध्ये आणि आठ दिवस आधी. पालकांचं संमतीपत्र मात्र मराठीत द्या, नाहीतर न वाचताच सही होऊन येतं. त्यात दोन चालू फोन नंबर, रोजचं औषध, दमा किंवा फिट येते का, आणि गाडी लागते का, एवढं विचारा. शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. गाडी लागणाऱ्यांना पुढे बसवायचं आणि प्लास्टिकच्या पिशव्या हाताशी ठेवायच्या.

आदल्या रविवारी स्वतः जाऊन या. गाडी कुठं थांबते, पिण्याचं पाणी आहे का, आणि मुलींसाठी उघडं, वापरण्याजोगं स्वच्छतागृह आहे का ते बघा. नसेल तर जागा बदला, किंवा वाटेतल्या एखाद्या शाळेला विनंती करून ठेवा.

आता मोजणी. एकदा मी गाडीत चढताना डोकी मोजली, आकडा बरोबर आला आणि गाडी सुटली. शाळेत परतल्यावर कळलं की ड्रायव्हरचा पोरगा मोजणीत धरला होता आणि आमचा एक हातपाय धुवायला मागेच राहिला होता. घाम फुटला मला. परत जाऊन बघतो तर तो पायरीवर बसून डबा खात होता. तेव्हापासून डोकी मोजत नाही. प्रत्येकाला क्रमांक, आणि चढताना ज्याचा त्याने ओरडायचा. पोरं मुद्दाम कन्नडमध्ये ओरडतात, ओंदु, एरडु, मूरु, ओरडू द्या. शिवाय दोघादोघांच्या जोड्या, आणि दहा मुलांमागे एक मोठं माणूस.

डब्यात चपाती आणि शेंगाचटणी सगळ्यात उत्तम, सांडत नाही. रस्साभाजी नको. चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात, चालेल. पैसे किती आणायचे ते ठरवून सांगा आणि कमीच सांगा, नाहीतर ज्याच्याकडे नाहीत तो दिवसभर मागे मागे राहतो.

दप्तर नको. पिशवीत टॉवेल, कपड्यांचा एक जोड, पाण्याची बाटली, आणि वही प्लास्टिकमध्ये गुंडाळून. पायात बूट नकोत, ते चार दिवस वाळत नाहीत; पट्ट्याच्या चपला बऱ्या. शिक्षकांकडे प्रथमोपचाराची पेटी, शिट्टी, चार्ज केलेला फोन आणि फोन नंबरांची यादी कागदावर, कारण फोन भिजतो. सकाळी सहाला पाऊस कोसळत असेल तर सहल रद्द, आणि तो निरोप कुणी कुणाला द्यायचा हेही त्याच कागदावर लिहून ठेवा.