ठासणीच्या बंदुकीमागचा माणूस: अमेरिकेच्या यादवीवर कथा लिहिताना

युद्धकथेच्या पहिल्या खर्ड्यात बहुतेक वेळा एकच दुखणं सापडतं. सैनिकाची भीती सगळी विशेषणांत असते आणि त्याचे हात रिकामे असतात. ‘काळजाचं पाणी झालं’, ‘अंगावर काटा आला’. ठीक आहे, पण तेव्हा तो करत काय होता? १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवीतला पायदळाचा शिपाई असा मोकळा नसे. लढाईत त्याचे दोन्ही हात सतत कामात असत आणि ते काम क्रमाने, न चुकता करावं लागे. भीती दाखवायची ती त्या कामात.

आधी दिवस ठरवा. चार वर्षांचं युद्ध एका कथेत कोंबायला जाऊ नका. एक लढाई घ्या, त्यातली एक दुपार घ्या. इथे उदाहरणाला व्हर्जिनियातलं फ्रेडरिक्सबर्ग घेऊ, १३ डिसेंबर १८६२. उत्तरेची, म्हणजे केंद्र सरकारची, फौज जनरल बर्नसाइडची; दक्षिणेची, म्हणजे फुटून निघालेल्या गुलामधारी राज्यांची, जनरल लीची. सकाळी दाट धुकं. दुपारच्या सुमाराला उत्तरेच्या पलटणी गावातून बाहेर पडल्या, वाटेतला कालवा ओलांडून उघड्या चढावावर आल्या. समोर टेकडीच्या पायथ्याशी खोलगट रस्ता, त्याला छातीच्या आतबाहेर उंचीची दगडी भिंत, आणि भिंतीमागे दक्षिणेचे बंदूकवाले. अंधार पडेपर्यंत एकामागून एक लाट त्या चढावावर गेली, पण भिंतीपर्यंत कोणीच पोचलं नाही. दिवसअखेर उत्तरेचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून १२,६०० च्या घरात होते. कथेला लागणारं सगळं इथे आहे: एक चढाव, एक भिंत, आणि आपल्या आधी गेलेल्यांचं काय झालं हे नजरेसमोर पडलेलं.

हातांचं काम

शिपायाच्या हातात स्प्रिंगफील्ड किंवा एनफील्ड. दोन्ही ठासणीच्या, चार किलोच्या आसपास वजनाच्या, उभ्या केल्या तर छातीच्याही वर येणाऱ्या. एनफील्ड मराठी वाचकाला नवी नाही. १८५७ च्या काडतुसांचा वाद झाला तो याच बंदुकीवरून. काडतूस दातांनी फाडायचं म्हणजे काय, हे आपल्या वाचकाला शाळेपासून ठाऊक असतं. तेवढं स्पष्टीकरण द्यायचं वाचलं.

क्रम असा. दस्ता जमिनीवर, नळीचं तोंड वर. उजव्या कमरेवरच्या पेटीतून काडतूस काढायचं. ही कागदाची पुडी; आत जेमतेम चार ग्रॅम काळी दारू आणि ३२ ग्रॅमच्या आसपास शिशाची गोळी. शेपूट दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, गोळी कागदातून सोडवून तोंडाशी बसवायची. गज उपसायचा, ठासायचं, गज परत खोबणीत सरकवायचा. मग बंदूक आडवी घेऊन घोडा अर्धा चढवायचा, पट्ट्यावरच्या छोट्या पिशवीतून हरभऱ्याएवढी तांब्याची केप (घोडा आपटला की ठिणगी पाडून दारू पेटवणारी टोपी) काढून घोड्याखालच्या पोकळ टोकावर बसवायची. घोडा पूर्ण, नेम, चाप. कवायतीत हे भरणं नऊ हुकमांत शिकवत. सरावलेला गडी मिनिटाला तीन बार काढी.

हा क्रम स्वतः उभं राहून, हातात काठी घेऊन वीस वेळा करा. गंमत नाही, खरंच करा. तेव्हा कळतं की भरताना बंदुकीचं तोंड चेहऱ्याशी असतं, आणि आडवं पडून हे करायचं तर पाठीवर उलटावं लागतं. फ्रेडरिक्सबर्गच्या चढावावर शेकडो लोक जमिनीला चिकटून पडले होते. त्यांच्या दृष्टीने एक बार भरणं म्हणजे आकाशाकडे तोंड करून हालचाल करणं, आणि हालचाल दिसली की भिंतीवरून गोळी येई.

आता चुका बघा. कथा त्यांच्यातच दडलेली असते. थरथरत्या बोटांतून केप निसटते. पिशवीत मेंढीच्या कातड्याची पट्टी लावलेली असे, ती केपा सांडू नयेत म्हणूनच. कधी केप बसवायची राहूनच जाते. गदारोळात आपला बार उडाला की शेजाऱ्याचा, हे कळत नाही. शिपाई चाप ओढतो आणि पुन्हा भरायला घेतो. जुन्यावर नवा बार बसतो. गज नळीतच विसरला आणि चाप ओढला, तर गज शत्रूकडे जातो. मग तो गडी बंदूक असून निःशस्त्र, पडलेल्या कोणाचा तरी गज शोधत फिरणारा. वीस-पंचवीस बार झाले की नळीत काजळी साचते, गोळी खाली उतरत नाही, आणि गज दगडावर ठोकून ठासावं लागतं.

जुलै १८६३ च्या गेटिसबर्गनंतर रणांगणावरून २७,००० हून जास्त बंदुका गोळा केल्या. त्या वेळच्या नोंदीप्रमाणे त्यातल्या सुमारे २४,००० भरलेल्या होत्या. त्यांपैकी निम्म्यांत दोन-दोन बार, पाव हिश्श्यात तीन ते दहा. एका बंदुकीत २३ होते. या आकड्यांवर अभ्यासकांचे वाद आहेत: कोणी म्हणतं घबराट, कोणी म्हणतं माणूस मारायची नाखुशी. लेखकाने निवाडा करू नये. तेविसावा बार ठासणारा माणूस मात्र कागदावर उभा करता आला पाहिजे. तो पळालेला नाही. रांगेत उभा आहे, सगळ्यांसारखेच हात हलवतो आहे. बाहेरून बघणाऱ्याला तो शूरच दिसणार.

नमुन्यादाखल एवढं पुरे:

‘त्याने पिशवीत दोन बोटं घातली. केप लागली, निसटली. दुसरी वर आली, पण घोड्याशी नेताना गवतात पडली. तो वाकला. शेजारचा ओरडला, “अरे उचलतोस काय, दुसरी घे!” पिशवीत अजून आहेत हे त्याला ठाऊक होतं. तरी तो गवतच चाचपत राहिला.’

भीती हा शब्द यात नाही. आणायचा मोह झाला तर आवरा.

अंगाला काय होतं

काळ्या दारूचा धूर पांढरा, दाट, गंधकाच्या वासाचा. वारा नसेल तर चार-पाच फैरींनंतर समोरचं काही दिसत नाही. म्हणून ‘त्याने शत्रूच्या डोळ्यांत पाहिलं’ असलं वाक्य बेलाशक कापा. दिसतात त्या धुरातल्या ठिणग्या, आणि खाली वाकलं तर पाय. काडतुसं फाडून ओठ-हनुवटी काळी होतात, दारूतला सोरा तोंडात जातो आणि घसा कोरडा पडतो. तहान लढाईभर असते. डिसेंबरातही.

लढाईच्या आधीचे तास भीतीला जास्त पोसतात, तिथे घाई करू नका. पत्ते आणि फासे रस्त्याच्या कडेला फेकून देणारे शिपाई होते. मेलो तर खिशात जुगार नको, घरी सामान जाईल तेव्हा आई बघेल. ओळखपट्टे सैन्याकडून मिळत नसत, म्हणून कोणी कागदावर नाव-गाव लिहून कपड्यात ठेवी. खाणं म्हणजे कडक बिस्किट, कॉफी, खारवलेलं डुकराचं मांस. बिस्किटाला शिपाई ‘अळ्यांचा वाडा’ म्हणत, कॉफीत बुडवून वर तरंगलेल्या अळ्या काढून टाकत. पहिली लढाई पाहण्याला त्यांचा शब्द होता ‘हत्ती पाहिला’. हा शब्द तसाच ठेवा, एकदा संवादातून उलगडा आणि पुढे वापरत राहा. नवख्याला जुना शिपाई ‘हत्ती पाहिलास का रे?’ विचारतो, तेव्हा प्रश्न काय आहे ते वाचकाला बरोबर कळतं.

जखमेबाबत एक दुरुस्ती. शुद्धीत असलेल्या माणसाला चौघांनी धरून पाय कापण्याचं दृश्य फार लिहिलं जातं. प्रत्यक्षात क्लोरोफॉर्म किंवा ईथर बहुतेक वेळा दिला जाई. शिशाची मऊ गोळी हाडाचा चुरा करी, म्हणून अवयव काढावा लागे. आणि न धुतलेल्या हत्यारांमुळे माणूस पुढे जखम चिघळून दगावे. युद्धभरात मेलेल्यांत जवळपास दोन तृतीयांश तर रोगराईचे: हगवण, विषमज्वर, गोवर. कागदावर हजाराची असलेली पलटण दुसऱ्या वर्षी तीन-चारशेवर आलेली असे, हे संख्या लिहिताना लक्षात ठेवा.

धैर्य कोपरात असतं

पलटण दोन रांगांत लढे, शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लावून. कवायतच तशी होती. एका कंपनीतली माणसं बहुधा एकाच तालुक्यातली; कप्तान पुष्कळदा शिपायांनीच निवडलेला, गावातला दुकानदार नाहीतर वकील. तेव्हा पळणारा अनोळखी गर्दीतून पळत नाही. शेजारी चुलतभाऊ आहे, पलीकडे शाळासोबती, आणि पत्राने बातमी आठ-पंधरा दिवसांत गावी पोचणार. कित्येकांना गोळीपेक्षा ते पत्र जड वाटे. लाज आणि भीती यांची झुंज हाच या कथांचा खरा ऐवज. म्हणून कोपर गायब होण्याचा क्षण लिहा: डावीकडची ऊब गेली, आणि वळून पाहायचं की नाही हे ठरवायला त्याला अर्धा श्वास मिळतो.

पळणंही उघडं नसतं. रांगेच्या मागे सार्जंट आणि लेफ्टनंट हटणाऱ्याला पुढे ढकलायला उभे असतात. त्यामुळे लोक सभ्य वाट शोधत. एका जखमीला तिघांनी मिळून मागे नेणं ही सर्वांत प्रचलित. बुटाची नाडी बांधायला थांबणं. पाणी आणायला जाणं. असा गेलेला माणूस पुष्कळदा रात्री शेकोटीपाशी परत येतो, आणि कोणी काही विचारत नाही, कारण विचारणाऱ्यांतले दोघे मागच्या खेपेला असेच गेलेले असतात. पळपुटा आणि शूर अशी दोन पात्रं करू नका. एकाच माणसाला सकाळी एक आणि दुपारी दुसरं होऊ द्या.

यादवी आहे हे विसरू नका

दोन्हीकडे भाषा एक, प्रार्थना एक, गाण्यांच्या चाली पुष्कळशा एक. फ्रेडरिक्सबर्गजवळच्या रॅपहॅनॉक नदीच्या दोन काठांवरचे पहारेकरी त्या हिवाळ्यात खेळण्यातल्यासारख्या होड्या सोडत; उत्तरेकडून कॉफी, दक्षिणेकडून तंबाखू, शिवाय वर्तमानपत्रं. फ्रेडरिक्सबर्गला उत्तरेच्या आयरिश ब्रिगेडचे लोक टोपीत हिरवी डहाळी खोचून चढावावर गेले, आणि भिंतीमागच्या जॉर्जियाच्या पलटणीतही आयरिश होते, कर्नलसकट. ही डहाळी एखाद्या पात्राच्या नजरेला पडली की ‘भाऊ भावाविरुद्ध’ हे घासलेलं वाक्य लिहावं लागत नाही.

युद्ध गुलामगिरीवरून पेटलं, हे झाकून ‘दोन्ही बाजूंचे शूर’ लिहिणं हा या प्रकारातला सर्वांत जुना लबाडपणा आहे. १८६३ पासून काळ्या शिपायांच्या पलटणी उत्तरेकडून लढल्या. त्यांची भीती वेगळी होती. कैद झाली तर गुलामी किंवा जागच्या जागी मृत्यू. १२ एप्रिल १८६४ ला टेनेसीतल्या फोर्ट पिलो किल्ल्यात शरण आलेल्यांनाही मारलं गेलं. पगार गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. काळ्याला दहा, त्यातूनही तीन कपड्यांसाठी कापलेले. हे जून १८६४ पर्यंत चाललं. तुमचा नायक यांतला कोण, हे ठरल्याशिवाय पहिला परिच्छेदही लिहिता येत नाही.

मराठी पात्र घुसडायची हौस असेल तर व्हर्जिनियात मावळा नेऊ नका. खरा धागा मुंबईत आहे: अमेरिकेचा कापूस अडला, खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शहरात शेअरांचं वेड लागलं, आणि १८६५ मध्ये लीच्या शरणागतीनंतर सगळं कोसळलं. ती वेगळी कथा, पण चांगली.

मराठीचा प्रश्न

आपल्या युद्धभाषेवर बखरींचा हात आहे. ‘धारातीर्थी पडला’, ‘वीरमरण’, ‘रणशिंग फुंकलं’ हे शब्द आले की ओहायोच्या शेतकऱ्याच्या पोराच्या डोक्यावर पगडी दिसू लागते. साधं ‘मेला’, ‘पडला’ लिहा. त्याला कोल्हापुरी किंवा वऱ्हाडी बोलीही देऊ नका, वाचक लगेच गाव बदलतो. शिपायांचं आपसांत अरे-तुरे, कप्तान गावातलाच असेल तर एकांतात अरे आणि रांगेत तुम्ही. हा बदल फार कामाचा आहे. ठासणी, गज, घोडा, चाप, दस्ता, संगीन, बार हे आपलेच शब्द आहेत, बिनधास्त वापरा. ‘ट्रॉमा’, ‘तणाव’ टाळा. त्या काळी घराच्या ओढीने खचलेल्या शिपायाला डॉक्टर ‘नॉस्टॅल्जिया’ झाला म्हणत, तो आजार म्हणून नोंदत. छाती धडधडत राहण्याला पुढे ‘सोल्जर्स हार्ट’ हे नाव पडलं, डॉ. डा कोस्टांनी १८७१ मध्ये अशा तीनशेवर शिपायांबद्दल लिहिलं.

खर्डा झाला की काडतुसं मोजा. पेटीत चाळीस मावतात. मोठी लढाई दिसत असेल तर आणखी वीस खिशात देत. मिनिटाला दोनच बार धरले तरी चाळीस काडतुसं वीस मिनिटांत संपतात, आणि पुष्कळ कथांतला शिपाई दुपारभर झाडत सुटलेला असतो. पुढचं काडतूस त्याने कुठून आणलं ते लिहा. बहुतेक वेळा ते शेजारी पडलेल्याच्या पेटीतून येतं. पेटी उजव्या कमरेवर असते, आणि माणूस त्याच कुशीवर पडलेला असेल तर ती काढायला आधी त्याला उलटवावं लागतं.