किरणोत्सर्गी जमीन साफ करताना या चुका टाळा

तेलाने किंवा कीटकनाशकाने नासलेल्या मातीतलं विष जिवाणूंच्या मदतीने, नाहीतर माती भाजून मोडता येतं. अणुअपघातात पसरणाऱ्या सीझियम-१३७ या किरणोत्सर्गी पदार्थावर यातला एकही उपाय चालत नाही; ते निम्मं व्हायलाच ३० वर्षं लागतात. म्हणजे सफाई करायची ती ते उचलून दुसरीकडे नेण्याची, आणि बहुतेक घोळ या ने-आणीतच होतात.

सगळ्यात महागात पडते ती किरणोत्सर्ग मोजण्याआधीची नांगरणी. सीझियम चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसतं. त्यामुळे न हलवलेल्या शेतात त्यातलं बहुतेक वरच्या ५ सेंटिमीटरमध्येच सापडतं आणि तेवढा थर खरवडला की भागतं. २० सेंटिमीटर नांगरलंत, तर तेवढ्याच सीझियमसाठी चौपट माती उचला! ऑस्ट्रेलियात मारालिंगाच्या अणुचाचणी मैदानावर ब्रिटिशांनी १९६७ मध्ये प्लुटोनियम पडलेली माती उलथून मिसळून टाकली. १९९० च्या दशकात तीच जमीन पुन्हा साफ करायला घेतली, तेव्हा त्या मिसळीने काम आणखी अवघड करून ठेवलं होतं.

खरवडताना यंत्रचालकाला खोलीचा अंदाज येत नाही. जपानमध्ये २०११ च्या अणुअपघातानंतर फुकुशिमातल्या काही शेतांत आधी माती घट्ट करणारं द्रावण फवारलं. वरचा थर कडक आणि पांढरा झाला. पांढरं दिसेल तिथे खरवडायचं राहिलंय, हिशेब सोपा.

साफ केल्यावर किरणोत्सर्गाचा आकडा पुन्हा चढला, तर मीटरला दोष देण्याआधी वरच्या डोंगरउताराकडे बघा. वरचं जंगल तसंच सोडलं असेल, तर पावसाबरोबर पालापाचोळा आणि गाळ खाली येतो. छपरं, रस्ते जोराच्या पाण्याने धुणारेही तेच करतात: रस्त्याचा आकडा उतरतो, गटाराचा चढतो. काम वरून खाली करा, धुतलेलं पाणी अडवा.

आकडाच येत नसेल तर? प्लुटोनियमचे अल्फा कण कागदानेही अडतात, त्यामुळे ओल्या मातीवरचा अल्फा मीटर फसवतो. तिथे प्लुटोनियमसोबत असणाऱ्या अमेरिसियम-२४१ या किरणोत्सर्गी मूलद्रव्याचे गॅमा किरण शोधा.

माती ठेवायची कुठे, हे खोदण्याआधी ठरवा. युक्रेनमध्ये अणुभट्टीचा स्फोट झालेल्या चेर्नोबिलजवळच्या लाल जंगलातली दूषित झाडं अस्तर नसलेल्या चरांत पुरली. त्यांच्यातलं किरणोत्सर्गी स्ट्रॉन्शियम-९० तिथून भूजलात उतरलं. फुकुशिमाची सुमारे १.४ कोटी घनमीटर माती तात्पुरत्या साठ्यात आहे आणि कायद्याने ती २०४५ पर्यंत प्रांताबाहेर न्यायची आहे.

वरचा सुपीक थर गेलेल्या शेतात पोटॅश न तपासता पेरणी करू नका. पोटॅशियम कमी पडलं की मुळं उरलेलं सीझियम उचलतात. फुकुशिमाच्या भातशेतीत पोटॅश वाढवल्यावर तांदळातलं सीझियम घटलं.