यहूदी धर्मनियम यहूदीतरांना लागू होतो का, हे कसे तपासावे

डुकराचे मांस, शनिवारचा विसावा, सुंता, गोंदण, रक्त घातलेले अन्न असे विषय निघाले की बायबलमधील एखादी ओळ पुढे केली जाते आणि "ही आज्ञा सर्वांसाठी आहे" किंवा "ही आज्ञा आता कोणासाठीच उरलेली नाही" असे ठामपणे सांगितले जाते. असा दावा समोर आल्यावर कोणता मजकूर आधी वाचावा, कोणते प्रश्न वेगळे ठेवावेत आणि कोठे घाई करू नये, हे येथे सांगायचे आहे. एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. मोशेचे संपूर्ण नियमशास्त्र (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांतील आज्ञा) यहूदीतरांवर बंधनकारक नाही, याविषयी रब्बींची, म्हणजे यहूदी धर्मपंडितांची परंपरा आणि ख्रिस्ती धर्माचा मुख्य प्रवाह यांच्यात वाद नाही. वाद आहे तो पुढच्या प्रश्नावर: मग सर्व माणसांवर बंधनकारक असे काय आहे, आणि त्या बंधनाचा अधिकार कोठून येतो?

आज्ञा कोणाला सांगितली आहे, हे आधी पाहावे

कोणतीही आज्ञा तपासताना तिच्या मागच्या-पुढच्या ओळी वाचून श्रोता कोण आहे हे नोंदवावे. निर्गम या दुसऱ्या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, हे देव आणि इस्राएलची संतती यांच्यामधील चिन्ह असल्याचे म्हटले आहे. लेवीय या तिसऱ्या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात मात्र रक्त खाण्याची मनाई इस्राएलाच्या घराण्यालाही आहे आणि त्यांच्यामध्ये राहणाऱ्या उपऱ्यालाही आहे. म्हणजे एकाच नियमशास्त्रात काही आज्ञांची कक्षा अरुंद आहे आणि काहींची रुंद, आणि हा फरक नंतरच्या भाष्यकारांनी लादलेला नसून मूळ मजकुरातच आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अनुवाद या पाचव्या पुस्तकाच्या १४व्या अध्यायात सापडते. आपोआप मेलेले जनावर तुम्ही खाऊ नका. ते तुमच्या वेशीच्या आत राहणाऱ्या उपऱ्याला खायला द्या किंवा परक्याला विका, असे तेथे म्हटले आहे, आणि त्याचे कारण इस्राएल ही देवासाठी पवित्र केलेली प्रजा आहे, असे दिले आहे. ते मांस खाणे हा मानवमात्रासाठी अपराध असता, तर ते दुसऱ्याच्या ताटात वाढण्याची सोय खुद्द नियमानेच करून दिली नसती. आता हेच लेवीयच्या १७व्या अध्यायाशी ताडून पाहावे. तेथे असे मांस खाणाऱ्या उपऱ्यालाही कपडे धुऊन स्नान करावे लागते आणि संध्याकाळपर्यंत तो अशुद्ध राहतो. या दोन ओळी सरळ जुळत नाहीत. रब्बींनी उपऱ्याचे दोन प्रकार मानून ही अडचण सोडवली: यहूदी धर्म पूर्णपणे स्वीकारलेला मनुष्य एक, आणि मूर्तिपूजा सोडून यहूद्यांच्या शेजारी राहणारा, पण सर्व नियम अंगावर न घेतलेला मनुष्य दुसरा. ही विभागणी ध्यानात ठेवली नाही तर पुढचे काहीच नीट लागत नाही.

यहूदी उत्तर वाचताना

परंपरेने मोशेच्या आज्ञांची संख्या ६१३ धरली आहे. तालमुदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या प्रमाण संग्रहात, रब्बी सिमलाई यांच्या नावे ३६५ निषेध आणि २४८ विधायक आज्ञा अशी तिची फोड दिलेली आहे. त्या इस्राएलासाठी आहेत. यहूदीतरांसाठी तालमुदाच्या सान्हेद्रिन या ग्रंथात नोहाच्या संततीचे, म्हणजे जलप्रलयानंतरच्या सर्व मानवजातीचे, सात नियम सांगितले आहेत: न्यायव्यवस्था उभी करणे, देवनिंदा न करणे, मूर्तिपूजा न करणे, निषिद्ध लैंगिक संबंध न ठेवणे, रक्तपात न करणे, चोरी न करणे आणि जिवंत प्राण्याचा तोडलेला अवयव न खाणे.

सात हा आकडा ऐकून ही एक हलकीफुलकी यादी आहे असा समज करून घेऊ नये. ही सात शीर्षके आहेत आणि प्रत्येकाखाली बरेच काही येते. न्यायव्यवस्थेचाच नियम घ्या. बाराव्या शतकातील यहूदी धर्मशास्त्री मैमोनिडीस यांच्या मते त्याचा अर्थ उरलेल्या सहा नियमांचा भंग करणाऱ्यांचा न्याय करणारी न्यायालये नेमणे एवढाच आहे, आणि म्हणूनच उत्पत्तीच्या पुस्तकातील कथेत इस्राएलाची मुलगी दीना हिच्यावर अत्याचार करणाऱ्या आपल्या राजपुत्राचा न्याय न करणारे शखेम नगराचे सगळे रहिवासी दोषी ठरतात, असे ते म्हणतात. तेराव्या शतकातील नाहमानिडीस यांना हे मान्य नाही. त्यांच्या मते या एका नियमात फसवणूक, मजुरी अडवून ठेवणे, ठेवी, कर्ज, नुकसानभरपाई अशा साऱ्या दिवाणी व्यवहारांचे नियम सामावलेले आहेत. दोघेही सातच नियम मानतात, पण एकाच्या हिशेबाने यहूदीतरावरचा भार दुसऱ्याच्या तुलनेत कितीतरी मोठा होतो.

यहूदी परंपरेची भूमिका एका दृष्टिक्षेपात पाहायची असेल तर धर्मांतरासाठी आलेल्या माणसाला काय सांगावे, याविषयीचा तालमुदाच्या येवामोत या ग्रंथातील उतारा वाचावा. त्याला प्रथम विचारायचे असते की, इस्राएल आज पीडित आणि पददलित आहे हे ठाऊक असूनही तुम्ही का आलात. मग काही सोप्या आणि काही कठीण आज्ञा सांगायच्या, आणि त्याबरोबर हेही सांगायचे की, आजपर्यंत तुम्ही निषिद्ध चरबी खाल्ली तरी तुम्हाला उच्छेदाची (देवाकडून प्रजेतून तोडले जाण्याची) शिक्षा नव्हती आणि शब्बाथ मोडला तरी दगडमाराची शिक्षा नव्हती. यापुढे मात्र असेल. बंधन कोणत्या क्षणापासून सुरू होते, हे याहून स्वच्छ शब्दांत क्वचितच कोठे मांडले गेले असेल.

बंधन आणि तारण हे दोन प्रश्न मात्र वेगळे ठेवावेत. यहूदीतराला पुढील जगात वाटा आहे का, यावर तोसेफ्ता या प्राचीन रब्बी संग्रहामध्ये रब्बी एलिएझर आणि रब्बी यहोशुआ यांचा मतभेद नोंदवलेला आहे. राष्ट्रांमधील नीतिमान लोकांना वाटा आहे हे यहोशुआ यांचे मत पुढे प्रमाण ठरले. मैमोनिडीस यांनी मिश्ने तोरा या आपल्या धर्मनियमसंहितेमध्ये त्याला एक अट जोडली: सात नियम केवळ बुद्धीला पटतात म्हणून पाळणे पुरेसे नाही, देवाने मोशेद्वारे ते प्रकट केले म्हणून पाळले पाहिजेत. अठराव्या शतकातील तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सोन यांना ही अट इतकी खटकली की १७७३ मध्ये त्यांनी रब्बी याकोब एम्डेन यांना पत्र लिहून तिचा आधार विचारला. त्यांची अस्वस्थता समजण्यासारखी आहे. ज्यांच्यापर्यंत मोशेचे नावही पोहोचले नाही अशा सज्जनांचे काय, हा प्रश्न त्या अटीमुळे उघडाच राहतो.

ख्रिस्ती उत्तर वाचताना

येथे क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या शतकातील प्रश्न "ख्रिस्ती माणसाने यहूदी नियम पाळावेत का" असा नव्हता, कारण येशूचे पहिले अनुयायी यहूदीच होते आणि ते नियम पाळतच होते. प्रश्न असा होता की, येशूवर विश्वास ठेवणाऱ्या यहूदीतराने आधी यहूदी व्हावे लागेल का. नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात परूशी या नियमनिष्ठ यहूदी पंथातील काही विश्वासणारे सुंतेचा आग्रह धरतात, आणि इसवी सन ५० च्या सुमारास यरुशलेमात झालेल्या सभेत तेथील मंडळीचा पुढारी याकोब निर्णय देतो: यहूदीतरांना त्रास देऊ नये, त्यांनी मूर्तींना वाहिलेले पदार्थ, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि जारकर्म यांपासून दूर राहावे.

ही चार कलमे लेवीयच्या १७व्या आणि १८व्या अध्यायांशेजारी ठेवून वाचावीत. परक्या देवतांसाठी बळी, रक्त, नीट न कापलेले जनावर आणि निषिद्ध लैंगिक संबंध हे विषय तेथे येतात, आणि तेथे उपऱ्यालाही त्यात गोवलेले आहे. अनेक अभ्यासकांना याकोबाच्या निर्णयाचे मूळ येथे दिसते. हे खरे असेल तर तो निर्णय नियमशास्त्र बाजूला सारणारा नसून यहूदीतरांना त्या शास्त्रातच नेमून दिलेला वाटा देणारा ठरतो. मला हे वाचन पटते, कारण प्रेषितांच्या कृत्यांच्या २१व्या अध्यायात हाच याकोब यहूदीतरांमध्ये प्रचार करणाऱ्या प्रेषित पौलाला सांगतो की, विश्वास ठेवणारे हजारो यहूदी नियमशास्त्राचे कट्टर अभिमानी आहेत, आणि लगेच पुढे यहूदीतरांसाठीची तीच चार कलमे पुन्हा उच्चारतो. एका सभेतून दोन समूहांसाठी दोन वेगळ्या रीती निघाल्या, असेच चित्र त्यातून उभे राहते.

पौलाची पत्रे वाचतानाही तोच दिवा हातात ठेवावा. गलतीकरांस लिहिलेले पत्र सुंतेसाठी दबाव आलेल्या यहूदीतरांना उद्देशून आहे. सुंता करून घेणारा प्रत्येक जण संपूर्ण नियमशास्त्र पाळण्यास बांधला जातो, असे पौल तेथे बजावतो, आणि हे विधान कोणत्याही रब्बीला मान्य झाले असते. ग्रीक असलेल्या तीताची सुंता त्याने होऊ दिली नाही, पण यहूदी आई असलेल्या तीमथ्याची स्वतः करवली. करिंथकरांस पहिल्या पत्रात तो म्हणतो की, ज्याला ज्या स्थितीत बोलावणे आले त्याने त्या स्थितीत राहावे. हे सर्व लक्षात न घेता "पौलाने नियमशास्त्र रद्द केले" असे म्हणणे फार ढोबळ आहे. मात्र पौलाचे लेखन सरळ एकाच रेषेत बसवता येते असेही नाही; नियमशास्त्र पापाची जाणीव देते, ते ख्रिस्तापर्यंत पोहोचवणारा बालरक्षक होते, ही त्याची वाक्ये पुढच्या चर्चने यहूद्यांनाही लागू केली, आणि त्या वाचनालाही आधार आहे.

नंतरच्या काळातील विधानांकडे वळताना दावा बदललेला आहे हे ओळखावे. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर म्हणतो की, इतरांवर सक्ती न करता मोशेचे नियम पाळणारा ख्रिस्ती यहूदी त्याच्या मते तारला जाईल. चौथ्या शतकातील लाओदिकियाच्या सभेने ख्रिस्ती लोकांना शब्बाथाच्या दिवशी यहूद्यांप्रमाणे विसावा घेण्यास मनाई केली. १४४२ मध्ये कॅथलिक चर्चच्या फ्लॉरेन्स परिषदेने तर सुवार्तेच्या प्रसारानंतर सुंता, शब्बाथ इत्यादी पाळणे हे तारणाला घातक ठरवले. "तुम्हाला बंधन नाही" येथपासून "तुम्ही पाळलेत तर पाप" येथपर्यंतचा हा प्रवास आहे, आणि यरुशलेमच्या सभेचा निर्णय या शेवटच्या टोकासाठी पुरावा म्हणून वापरता येत नाही.

नैतिक, विधिविषयक आणि न्यायविषयक अशी नियमशास्त्राची तीन भागांत विभागणी मध्ययुगीन धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांनी सविस्तर मांडली, आणि वेस्टमिन्स्टर विश्वासकथनासह प्रोटेस्टंटांतील सुधारणावादी (रिफॉर्म्ड) परंपरेने ती स्वीकारली. नैतिक भाग सर्वांवर सदैव बंधनकारक, विधी संपले, न्यायविषयक नियम त्या राष्ट्राबरोबर गेले, असा तिचा सारांश आहे. ती सोयीची आहे, पण वापरण्यापूर्वी लेवीयच्या १९व्या अध्यायावर तिची परीक्षा घ्यावी. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा १८व्या ओवीत आहे आणि दोन प्रकारच्या धाग्यांचे वस्त्र न घालण्याची आज्ञा लगेच १९व्या ओवीत. मधे कोणतीही सीमारेषा नाही. मजकूर स्वतः विभागणी करत नाही, म्हणून ती करणाऱ्याने आपला निकष सांगितला पाहिजे. प्रोटेस्टंट सुधारणेचे प्रवर्तक मार्टिन ल्यूथर यांनी तो उघड सांगितला: मोशे यहूद्यांना दिला गेला, त्याचे जे निसर्गनियमाशी आणि नव्या कराराशी जुळते तेवढेच आम्ही मानतो, आणि तेही मोशेने सांगितले म्हणून नव्हे. हे उत्तर आवडो न आवडो, त्यात लपवाछपवी नाही.

चर्चांमध्येही एकवाक्यता नाही, हे विसरू नये. ६९२ च्या पूर्वेकडील चर्चच्या त्रुल्लो परिषदेने रक्त घातलेले अन्न निषिद्धच ठेवले, तर पश्चिमेकडे ऑगस्टीन यांच्या काळातच ती मनाई मागे पडली होती. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये सुंता आणि शनिवारचा मान टिकून आहे. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट शनिवार पाळतात.

दोन्ही उत्तरे शेजारी ठेवताना

याकोबाची चार कलमे आणि नोहाचे सात नियम एकच आहेत असे घाईने म्हणू नये. मूर्तिपूजा आणि जारकर्म दोन्हीकडे आहेत. चोरी आणि न्यायालये चारांत नाहीत, आणि गळा दाबून मारलेले जनावर सातांत नाही. शिवाय सात नियमांची यादी ज्या रब्बी ग्रंथांत मिळते त्यांचे संकलन प्रेषितांच्या कृत्यांनंतरचे आहे. तरीही दोहोंमधील नाते नाकारता येत नाही. मेंडेल्सोन यांनी ज्यांना पत्र लिहिले त्याच एम्डेन यांनी १७५७ मध्ये असे प्रतिपादन केले होते की, येशू आणि पौल यांचा हेतू यहूद्यांना तोरापासून (मोशेच्या नियमशास्त्रापासून) दूर नेण्याचा नव्हता, तर यहूदीतरांमध्ये नोहाचे नियम रुजवण्याचा होता.

शेवटची पायरी म्हणजे बंधन आणि मुभा यांतील फरक. शनिवारी विसावा घेऊ इच्छिणाऱ्या यहूदीतराचे उदाहरण घ्यावे. ख्रिस्ती असल्यास त्याला रोमकरांस पत्राच्या १४व्या अध्यायात मुभा सापडते: कोणी एक दिवस अधिक मानतो, कोणी सर्व दिवस सारखे मानतो, ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. तोच दिवस तारणाची अट म्हणून त्याच्यावर लादला जात असेल तर गलतीकरांस पत्र लागू होते. यहूदी उत्तर येथे अनपेक्षितपणे अधिक कडक आहे. पुण्य म्हणून इतर आज्ञा पाळणाऱ्या यहूदीतराला अडवू नये, असे मैमोनिडीस सांगतात, पण शब्बाथाला ती मुभा देत नाहीत: मनुष्याने सर्व आज्ञा स्वीकारून धर्मांतर करावे किंवा आपल्या नियमांत राहावे, स्वतःसाठी नवा धर्म रचू नये. म्हणूनच धर्मांतराची तयारी करणाऱ्या आणि शब्बाथाचे बाकी सर्व नियम शिकून पाळू लागलेल्या माणसाला अनेक ऑर्थोडॉक्स रब्बी आजही सांगतात की, विधी पूर्ण होईपर्यंत दर शनिवारी निषिद्ध असलेले एखादे तरी काम, मग ते दिवा लावण्याएवढे लहान का असेना, त्याने मुद्दाम करावे.