नाव झाका, नंबर सांगा

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या क्रेडिट सोसायटीत मी एकवीस वर्षं आहे, त्यातली नऊ सेक्रेटरी म्हणून. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी, पिग्मी कलेक्टर मशीन घेऊन बाहेर पडायच्या गडबडीत फोन आला. सॉफ्टवेअर कंपनीतून बोलतोय, अपडेट टाकायचंय, स्क्रीन दाखवायचं अ‍ॅप चालू करा. आमच्या क्लार्कने केलंही. पाच मिनिटांत ती ओरडली, "अक्का, हे बघा की, माऊस आपोआपच फिरूलालाय!" मी नेटची वायर उपटली. पैसे गेले नाहीत, आणि मी गप्प बसले. ठेवीदारांच्या कानावर गेलं तर काउंटरला रांग लागेल, ही भीती. चौथ्या दिवशी कळलं, पलीकडच्या गल्लीतल्या सोसायटीलाही त्याच नंबरवरून फोन गेला होता. तिथं वायर कुणी उपटली नव्हती.

तेव्हापासून आम्ही बारा संस्था व्हॉट्सअ‍ॅप गट करून असे फोन आले की एकमेकींना कळवतो. काही सौहार्द (कर्नाटकातल्या वेगळ्या सहकारी कायद्याखालच्या), काही साध्या सहकारी, दोन तर महाराष्ट्रात चंदगडकडच्या, म्हणजे कायदा आणि पोलीस दोन्ही वेगळे. चोराला ही हद्द कुठे दिसते?

हे आपलं आपणच करावं लागतं. बँकांसाठी हैदराबादच्या आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेच्या तंत्रज्ञान संस्थेचं आयबी-कार्ट हे इशारे देण्या-घेण्याचं केंद्र आहे, पण पतसंस्था त्या साखळीत नाहीत. आपल्या ठेवींना बँकांसारखा ५ लाखांचा विमाही नाही.

गटात प्रत्येक संस्थेचे दोघेच घ्या: सेक्रेटरी आणि रोज कॉम्प्युटरला हात लावणारा. चेअरमन नकोत. राग मानू नका, पण सुप्रभातच्या फुलांखाली इशारा बुडतो. पहिल्यांदा सगळ्यांनी समोरासमोर बसून नंबर जुळवून घ्या, कारण उद्या कुणाचं तरी व्हॉट्सअ‍ॅप चोराच्या हातात जाईल आणि तोच गटात "ही फाइल उघडा" म्हणेल.

इशारा कसा लिहायचा, यावर आमचे सर्वांत जास्त वाद झाले. "सावधान, फसवणूक चालू आहे" वाचून कुणी काय करायचं? आता असा लिहितो:

"हिरवा. मंगळवार, सकाळी १०:२०. सॉफ्टवेअर कंपनीचा म्हणवतो, स्क्रीन दाखवायचं अ‍ॅप टाकायला लावतो. (इथे पूर्ण दहा आकडी नंबर.) हिंदीत बोलला. जुन्या क्लार्कचं नाव माहीत होतं. फोन ठेवा, कंपनीला आपल्या वहीतल्या नंबरवर उलटा फोन करा."

यातली भाषेची ओळ मी हट्टाने घालायला लावली. आमच्याकडे सॉफ्टवेअरवाला पोरगा कायम कन्नडमध्ये, फार तर मोडक्यातोडक्या मराठीत बोलतो. एकदम सफाईदार हिंदी आली तिथेच कान टवकारायला हवे होते. आणि जुन्या क्लार्कचं नाव माहीत असणं म्हणजे आपली कुठली तरी जुनी यादी बाहेर गेलीय. चिकोडी-गोकाककडच्यांसाठी तोच मजकूर कन्नडमध्ये बोलून पाठवतो.

सुरुवातीचा रंग ट्रॅफिक लाइट प्रोटोकॉलमधला, म्हणजे इशारा कुणापर्यंत न्यायचा हे रंगाने सांगायची पद्धत. लाल म्हणजे ज्याला सांगितलं त्याच्यापुरतंच, अंबर (पिवळा) म्हणजे आपल्या संस्थेत आणि तिच्या ग्राहकांत गरज असेल त्यालाच, हिरवा म्हणजे इतर सोसायट्यांनाही सांगा, पण फेसबुकवर नको.

फसलेल्या सभासदाचं नाव, खातं, रक्कम गटात कधीही नको. संस्थेचं नाव सांगायचं नसेल तर गट सांभाळणाऱ्याला फोनवर सांगा, तो नाव गाळून टाकतो. पैसे ज्या खात्यात गेले त्याचा पूर्ण नंबर फक्त पोलिसांना आणि बँकेला द्यायचा. ते खातं एखाद्या भोळ्या पोराचं भाड्याने घेतलेलंही असू शकतं.

लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून एपीके (मोबाइलवर अ‍ॅप टाकणारी) फाइल आली तर ती पुढे ढकलू नका. फाइलचं नाव आणि तिचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे ती फाइल ओळखायचा कोड, पाठवा. चौसष्ट अक्षरांचा असतो, फाइल न उघडताच कॉम्प्युटरवर काढता येतो. संशयास्पद लिंक लिहिताना टिंबाच्या जागी "डॉट" लिहा, म्हणजे चुकून बोट लागलं तरी उघडत नाही.

पैसे गेले असतील तर गट नंतर. आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, हद्दीच्या दोन्ही बाजूंना तोच नंबर, आणि सोबत आपलं चालू खातं असलेल्या बँकेला फोन. मग सीईएन, म्हणजे कर्नाटकातलं सायबर गुन्ह्यांचं पोलीस ठाणं. सिस्टीममध्ये कुणी शिरलं असेल तर एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला ६ तासांत कळवायचं असतं.

सॉफ्टवेअर कुणाचं, तेही एकमेकांना सांगून ठेवा. जुलै २०२४ मध्ये एका पुरवठादार कंपनीवर रॅन्समवेअर आलं आणि सुमारे ३०० लहान बँकांचे रिटेल पेमेंट व्यवहार थांबवावे लागले. आमच्या बारापैकी सात जणांचा पुरवठादार एकच निघाला. हे आम्हाला गट केल्यावर समजलं, हसावं की रडावं.

इशारा आला की प्रत्येकाने आपला कॉल लॉग बघून "बघितलं, आमच्याकडे नाही" किंवा "आमच्याकडेही" एवढंच लिहायचं. तासाभरात ज्याचं उत्तर नाही त्याला फोन. आणि हो, नेटच्या वायरला आम्ही लाल चिंधी बांधलीय. नवीन क्लार्क रुजू झाली की पहिल्या दिवशी तिला ती उपटून दाखवायला लावतो.