कँटनी पद्धतीचा खारवलेल्या माशाचा वाफवलेला खिमा

हाँगकाँग आणि दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील कँटनी घरांत खारवून वाळवलेला मासा सहसा भाजी-आमटीला चव आणण्यापुरता, मिठामसाल्यासारखाच वापरला जातो. या माशाचे दोन प्रकार असतात. ‘मुई हेउंग’ या प्रकारात मासा खारवण्यापूर्वी थोडा आंबू देतात, त्यामुळे त्याचे मांस मऊ, भुसभुशीत आणि उग्र वासाचे होते. दुसऱ्या प्रकारात ताजा मासाच मिठात घातल्याने मांस घट्ट राहते आणि तो तळण्यासाठी किंवा सूपसाठी बरा पडतो. डुकराच्या मांसाच्या या वाफवायच्या खिम्यासाठी पहिलाच प्रकार घ्यावा. त्यासाठी ‘मा-यौ’, म्हणजे आपला रावस, विशेष नावाजलेला आहे.

300 ग्रॅम खिम्याला 30 ग्रॅम मासा भरपूर होतो. हात आखडता घेण्याचे कारण केवळ खारटपणा नाही: अशा चिनी खारवलेल्या माशाची गणना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक पदार्थांत केली आहे, म्हणून तो अधूनमधूनच खावा.

डुकराचे थोडी चरबी असलेले मांस सुरीनेच बारीक चिरावे, कारण यंत्रातून काढलेला खिमा वाफेवर दडदडीत होतो. त्यात एक चमचा सोया सॉस, अर्धा चमचा साखर, चिमूटभर पांढरी मिरपूड, एक चमचा कॉर्नफ्लोअर आणि दोन मोठे चमचे पाणी घालून, मिश्रण बोटांना चिकटू लागेपर्यंत एकाच दिशेने फेटावे. वेगळे मीठ अजिबात घालू नये. खवले काढून मासा भरभर धुवावा, पुसावा आणि त्याच्या पातळ चकत्या कराव्यात; तो भिजत ठेवल्यास ज्या स्वादासाठी आणला तोच पाण्यात जातो.

मिश्रण उथळ ताटलीत बोटभर जाडीचे, न दाबता पसरावे, वर चकत्या मांडाव्यात आणि आल्याचे काडीसारखे बारीक काप मोकळ्या हाताने पेरावेत, कारण माशाचा उग्रपणा आल्यानेच आवरला जातो. मोदकपात्रातील पाणी खळखळ उकळू लागल्यावरच ताटली आत ठेवून मोठ्या आचेवर बारा ते पंधरा मिनिटे वाफवावे. मधोमध सुरी खुपसून पाहावी आणि गुलाबी पाणी दिसल्यास आणखी दोन-तीन मिनिटे द्यावीत. ताटलीत सुटलेला रस फेकू नये, तो गरम पांढऱ्या भातावर घालावा. उरलेला मासा मात्र घट्ट झाकणाच्या बरणीत, तेलात बुडवून फ्रिजमध्ये ठेवावा, नाहीतर दुधालाही त्याचा वास लागतो.